आधीची मनू कुठं गेली?

ताई, सप्रेम नमस्कार.

आम्ही लातूर जिल्ह्यातल्या देवणी तालुक्यातले. माझी लेक १० वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. इथं तिचं नाव मनू असं लिहिते. दोन वर्षांपूर्वी लातूरच्या डॉक्टरांनी तिला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचं सांगितलं. बोलते चांगली, पण तिच्या मनात आलं तर, आणि बहुतेक वेळा ढोरांबद्दलच. गावातली कुठलीही देवणी गाय ती रंगावरून, ठिपक्यांवरून ओळखते. जरीचा कपडा अंगाला लावू देत नाही. लाऊडस्पीकर लागला की कान झाकून गोठ्यात जाऊन बसते.

मागच्या महिन्यात शाळेत एका पाहुण्यांनी गोष्ट सांगितली. कुणाशी न बोलणारी, एकटी एकटी राहणारी मुलगी शेवटी सगळ्यांत मिसळते, हसते, खेळते आणि सगळे टाळ्या वाजवतात. घरी आल्यावर मनूनं विचारलं, "आई, मग आधीची कुठं गेली?" मला काही सांगता आलं नाही. म्हणून मीच एक गोष्ट लिहिली. सोबत पाठवते. मनूसारखी एक मुलगी, तिचं नावही मनूच ठेवलंय, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत हरवलेलं वासरू ठिपक्यांवरून ओळखून काढते. वर्गबाईंना गोष्ट आवडली, गॅदरिंगला नाटुकलं बसवू म्हणाल्या. पण शेवट बदला म्हणतात. मुलगी स्टेजवर येऊन घडाघडा बोलते असं दाखवलं तर लोकांना प्रेरणा मिळेल. आमच्या सासूबाई वेगळंच म्हणतात, "लेकराचं व्यंग सगळ्या गावापुढं कशाला मांडायलीस? उद्या लग्नाचं बघायचंय." आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटते. असल्या गोष्टी ऐकून ती अजूनच तशी झाली तर? काय करू?

एक आई, देवणी तालुका

मनूच्या आई,

आधीची कुठं गेली, याचं उत्तर मला माहीत आहे. मी ते डोळ्यांनी बघितलंय.

तीसएक वर्षांपूर्वी मी परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत चौथीला शिकवायचे. शाळेच्या वऱ्हांड्याला ७ खांब होते. माझ्या वर्गातली एक मुलगी वर्गात येताना सातही खांबांना हात लावायची. एखादा राहिला की परत जायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. प्रार्थना संपून पोरं वर्गात बसलेली असायची आणि ही अजून चौथ्या खांबाशी. त्या वर्षी गॅदरिंगसाठी मी एक नाटुकलं लिहिलं. खांबांना हात लावत फिरणाऱ्या मुलीला मैत्रिणी समजावतात, ती सवय सोडते, शेवटी सगळ्याजणी फेर धरतात. टाळ्या फार पडल्या. दुसऱ्या दिवसापासून ती पोरगी सरळ वर्गात यायला लागली. मी हे कौतुकानं सगळ्यांना सांगत सुटले होते.

मग एका संध्याकाळी हजेरीपट विसरला म्हणून शाळेत परत गेले. शाळा सुटून तास होऊन गेला होता. वऱ्हांड्यात ती होती. एकेका खांबाला हात लावत होती, भराभरा, आणि दर खांबापाशी मागं वळून कुणी बघत नाही ना, हे पाहत होती. मी दिसताच तिनं हात फ्रॉकला पुसला.

आधीची मुलगी तिथं गेली होती, शाळा सुटल्यानंतरच्या वऱ्हांड्यात. माझ्या नाटुकल्यानं तिला एवढंच शिकवलं होतं, की करायचं ते लपून कर. तो पुसलेला हात मला आजही दिसतो. म्हणून तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मी एक दिवससुद्धा थांबले नाही.

पोरींना हे लपणं लवकर जमतं, कारण आपण त्यांना पाळण्यापासून तेच शिकवतो. नीट बस, हळू बोल, पाहुण्यांपुढं हस. स्वमग्नतेबद्दल अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली जो पहिला गाजलेला लेख लिहिला, त्यात ११ मुलांची वर्णनं होती. त्यातल्या मुली ३. पुढं कितीतरी वर्षं डॉक्टरांच्या, शिक्षकांच्या डोळ्यांपुढं मुलाचंच चित्र राहिलं आणि मुली 'लाजरी आहे', 'हट्टी आहे', 'आपल्याच तंद्रीत असते' या शब्दांखाली झाकल्या गेल्या. इतर मुली कशा हसतात, कधी मान डोलावतात, हे बघून बघून त्या तसं करतात आणि घरी आल्यावर दमून कोसळतात. बाहेर शहाणी आणि घरात आकांत करणारी मुलगी पुष्कळ आयांना माहीत असेल. तुमच्या मनूचं आठव्या वर्षी कळलं, हे तिचं नशीब आणि तुमची जागरूकता.

आता तुमच्या भीतीबद्दल. गोष्ट ऐकून कुणी स्वमग्न होत नाही आणि गोष्ट ऐकून कुणाची स्वमग्नता जातही नाही. ती जन्मापासूनची घडण आहे. मनूचे कान, मनूची कातडी, मनूची नजर तशीच आहे. जरीचा कपडा तिला टोचतो म्हणजे खरोखर टोचतो. गोष्टीनं बदलतं ते एवढंच, की स्वतःकडं बघताना तिला शरम वाटते की नाही. तुमच्या गोष्टीतली मुलगी कान झाकून गोठ्यात बसली आणि गोष्टीनं तिला नावं ठेवली नाहीत, तर मनूला कळेल की असं बसणारी मी एकटी नाही. याहून जास्त मी गोष्टीकडून मागणार नाही, पण एवढं नक्की मागेन.

आपल्या लहानपणच्या गोष्टी आठवा. भोपळ्यात बसून टुणूक टुणूक करत लेकीच्या घरून परतणारी म्हातारी किती विक्षिप्त! पण तिला शेवटी कुणी नीट वाग म्हणत नाही. चिमणी बाळाला न्हाऊमाखू घालून, तीट लावून झाल्याशिवाय दार उघडत नाही, बाहेर कावळा कितीही ओरडो. तिचा क्रम म्हणजे क्रम. म्हातारी आणि चिमणी यांना आपण हे सगळं करू देतो. मुलगी आली की मात्र गोष्टीला घाई होते. मुलग्याच्या खोड्यांवर अख्खं पुस्तक निघतं. मुलीचा वेगळेपणा पहिल्या पानावर गंमत म्हणून येतो आणि शेवटच्या पानापर्यंत पुसून निघतो. वर्षानुवर्षं शाळेत गोष्टी सांगून मी हे बोलतेय आणि त्यातल्या काही गोष्टी मीही तशाच सांगितल्या आहेत.

पुसल्या न गेलेल्या मुली अगदीच नाहीत असं नाही. तेत्सुको कुरोयानागी यांचं 'तोत्तोचान' १९८१ साली जपानीत आलं. चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते मराठीत आणलं आणि शाळांच्या कपाटांत ते सापडतं. ही लेखिकेच्या स्वतःच्या बालपणाची हकिगत आहे. डेस्कचं झाकण सारखं उघडझाप करते, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारते, म्हणून पहिलीतच तिला शाळेतून काढतात. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी तिला समोर बसवून तिला सांगायचं ते सगळं ऐकून घेतात. चार तास! पहिलीतल्या मुलीचं चार तास ऐकणारा माणूस. त्या मुलीला कुठलं नाव चिकटवायची मला गरज वाटत नाही. मला त्या पुस्तकात आवडतं ते हे, की मुलगी तीच राहते आणि शाळा बदलते. अलीकडं, २०२० साली, एल मॅकनिकोल या लेखिकेची 'अ काइंड ऑफ स्पार्क' ही कादंबरी इंग्रजीत आली. त्यातली स्कॉटलंडच्या खेड्यातली ११ वर्षांची ॲडी स्वमग्न आहे आणि लेखिका स्वतःही. गावात पूर्वी चेटकीण ठरवून मारलेल्या बायकांचं स्मारक व्हावं म्हणून ॲडी हट्ट धरून बसते. वेगळी बाई म्हणजे चेटकीण, हे तिला लगेच समजतं, कारण तिच्याकडंही लोक तसंच बघतात.

आणि आपल्या गोदाकाठाला हे परकं कसं असेल? गंगाखेडची जनाबाई म्हणून गेली, "डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी." संतांना आजची लेबलं लावू नयेत, मी लावतही नाही. पण लोक काय म्हणतील याची पर्वा न करता देवाशी जात्यावर गप्पा मारणारी बाई आपण शतकानुशतकं गातोय. तुमच्या सासूबाईंनाही जनीचे अभंग येत असतील. एकदा विचारून बघा.

आता तुमची गोष्ट. मी ती पेन्सिल घेऊन वाचली, कारण ती त्या लायकीची आहे.

वर्गबाईंचा शेवट घेऊ नका. बाई चांगल्या आहेत. गोष्ट आवडली, नाटुकलं बसवायला निघाल्या, हे सगळ्याच शाळांत होत नाही. पण प्रेरणा कुणाला मिळणार, हे त्यांना विचारा. प्रेक्षकांत मनू बसलेली असेल. घडाघडा बोलली तरच टाळ्या मिळतात, एवढंच ती घरी घेऊन जाईल. आणि मग तुम्हाला परत तोच प्रश्न विचारेल.

पण तुमचा शेवटही मला पटलेला नाही. रागावू नका. तुमच्या गोष्टीत गाव तिला आधी हसतं, मग ती वासरू शोधते, मग गाव तिला डोक्यावर घेतं. म्हणजे वासरू सापडलं नसतं तर? माझ्या त्या खांबवाल्या मुलीच्या सवयीनं कधी कुणाचं वासरू सापडलं नाही. त्या सवयीचा कुणाला काडीचा उपयोग नव्हता. तिला त्यानं बरं वाटायचं, एवढंच. तिच्यासारखीनं तुमची गोष्ट ऐकली तर तिला वाटेल, वेगळं असायला हरकत नाही, पण त्याच्या बदल्यात काहीतरी करून दाखवावं लागतं. वासरू राहू द्या, छान आहे. पण त्याआधी एक तरी प्रसंग असा घाला, जिथं मनू कुणाच्या काही कामाची नाही आणि तरी तिच्या शेजारी कुणीतरी आनंदानं बसलंय. तुम्ही तिच्या एका मैत्रिणीचा उल्लेख एका ओळीत करून पुढं गेलात. मंदिरातल्या आरतीच्या आधी पळत येऊन "मने, भोंगा लागायलाय" एवढं सांगून जाते ती. अहो, ही तर गोष्टीतली सगळ्यात मोलाची पोरगी आहे! तिला दोन पानं द्या. दोघी गोठ्याच्या दावणीवर बसल्यात, एक बोलतेय, एक बोलत नाहीये, दोघी हरभऱ्याचा ढाळा सोलून खातायत. एवढा प्रसंग पुरे.

दुसरं. गोष्टीत मनू थेट माळेगावच्या यात्रेत पोचते. कशी? लाऊडस्पीकरला गोठ्यात पळणारी पोर खंडोबाच्या यात्रेत, त्या गर्दीत, हलग्यांत, पाळण्यांच्या भोंग्यांत उभी कशी राहिली? तुम्ही तिची आई आहात, तुम्हाला नक्की माहीत असणार. पहाटे निघालात का? कानात कापूस घातला का? बाबांच्या कुठल्या बाजूला चालते ती? परत कधी यायचं, हे आधी किती वेळा सांगावं लागतं? शिट्टी, रेटारेटी, मग जनावरांच्या बाजाराकडं वळल्यावर येणारा शेणाचा, कडब्याचा ओळखीचा वास आणि तिथं तिचे खांदे खाली येणं, हे सगळं लिहा. जी मुलं अशी नाहीत त्यांना मनू कळेल ती या पानावर. आणि जी आहेत त्यांना पहिल्यांदा वाटेल, की हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे.

तिला एकदा चुकूही द्या. वासरू ओळखताना नव्हे, दुसरीकडं कुठं. मैत्रीण रडत असताना ती गायीचीच माहिती सांगत बसते आणि मैत्रीण उठून जाते, असं काहीतरी. अशा मुली गोष्टींत एक तर बिचाऱ्या असतात नाही तर जादूगार. मनू भांडते, खोटं खेळते, धाकट्या भावाचा लाडू खाते, हेही तिचंच आहे.

आता नाटुकल्याचं. सगळ्यात आधी मनूला विचारा. गोष्ट तिच्यावरून सुचलीय हे तिला सांगा आणि ती नको म्हणाली तर ते नको. कागदावरची गोष्ट तुमच्या दोघींत राहील, काही बिघडत नाही. ती हो म्हणाली तर पात्राचं नाव, घर, भावंडं बदला. स्वमग्नता हा शब्द स्टेजवरून उच्चारायचा की नाही, हेही तिलाच ठरवू द्या. मग तो प्रसंग येईल ज्याची मला खरी काळजी आहे. मनूची भूमिका करणारी दुसरी मुलगी तालमीत कान झाकेल आणि पोरं हसतील. पहिल्याच हसण्याला बाईंनी तालीम थांबवायला हवी. ओरडायला नको. नकोसा आवाज अगदी कानाशी आला तर तुम्ही काय कराल, हे सगळ्यांना करून दाखवायला सांगा, मग सगळ्यांचेच हात कानावर जातील. गॅदरिंगच्या दिवशी आवाज बेताचा ठेवा आणि मनूसाठी दाराजवळची जागा. तिला स्टेजवर यायचं नसेल तर पुठ्ठ्याच्या गायी रंगवायचं काम तिचं. तिथं तिच्या शब्दापुढं कुणाचं चालू देऊ नका.

सासूबाईंशी वाद घालू नका. लोक लेकराला काय काय म्हणतात ते त्यांनी तुमच्याआधी ऐकलेलं असणार, त्या घाबरल्यात. व्यंग हा शब्द मात्र मनूपुढं नको, हे प्रेमानं सांगा. लग्नाचं बघायला अजून पुष्कळ वर्षं आहेत. आणि लपवून जमवलेल्या सोयरिकीत पोर आयुष्यभर खांबामागं उभी राहते, हे त्यांनाही कुणाच्या तरी उदाहरणावरून ठाऊक असेल. त्यापेक्षा त्यांच्या माहेरच्या ढोरांच्या आठवणी मनूला सांगायला बसवा. कुठली गाय किती दूध द्यायची, कुठला गोऱ्हा मारका होता. त्या दोघींचं जमेल, मला खात्री वाटते.

तुमच्या मनूसारखी लेक घरात आहे, पण अजून कुणाला दाखवलेलं नाही, अशा आयाही हे वाचत असतील. त्यांच्यासाठी थोडक्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं आरोग्य पथक शाळेत, अंगणवाडीत तपासणीला येतं. तिथून मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, त्याचा खर्च पडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे आणि वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमताही आहे. शाळा अशा मुलाला नाकारू शकत नाही. कुणी "बाहेरचं बघा" म्हणालं तर ऐकू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली लेकराला मारणं, बांधणं हा राज्याच्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

शेवट कसा करायचा, हे तुम्हीच लिहून ठेवलंय. तुमच्या वहीतल्या पानावर गाव मनूला खांद्यावर उचलतं ना, त्याच्या वर एक ओळ आहे, तुम्ही खोडलेली, पण वाचता येते. "मनूनं वासराच्या पाठीवरचे ठिपके परत मोजले. सहा." ती ओळ परत आणा आणि खांद्यावर उचलणं काढा. मनूला कुणी न विचारता हात लावलेला चालत नाही, हे तुम्हीच तीन पानं आधी लिहिलंय.

आणि एक राहिलं. पहिल्या पानावर तुमचं वासरू पांढरंशुभ्र आहे, म्हणजे बालंक्या झालं. तिसऱ्या पानावर त्याच्या पाठीवर काळे ठिपके आलेत, म्हणजे ते शेवेरा. आणि शेवटी तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या असल्याचं लिहिता, तो तर वानेरा. एकाच वासराला देवणीच्या तिन्ही जाती लावून ठेवल्यात तुम्ही. वही आधी मनूकडं द्या. तिनं दुरुस्त केली की मग मला पाठवा.

तुमची,
ताई